७० सीसीचा व्यावसायिक चेनसॉ: ताकद बघावी, स्पेअरचा खर्च की ट्यूनिंग?

ओंडका

४० ते ६० सेंमी जाडीचं वाळलेलं कठीण लाकूड, २० इंची बार (चेन ज्यावर फिरते ती पट्टी), दिवसाला पाच-सहा तास मशीन चालू. यादीत तीन नावं उरली आहेत:

हस्कवर्ना ३७२ एक्सपी (जुना, स्क्रूवाला कार्ब्युरेटर): ७०.७ सीसी, ३.९ किलोवॅट, ६.१ किलो
हस्कवर्ना ५७२ एक्सपी (ऑटोट्यून, म्हणजे स्वतः जुळणारा इलेक्ट्रॉनिक कार्ब्युरेटर): ७०.६ सीसी, ४.३ किलोवॅट, ६.६ किलो
स्टिल एमएस ४६२ सी-एम (एम-ट्रॉनिक, स्टिलचा तसाच कार्ब्युरेटर): ७२.२ सीसी, ४.४ किलोवॅट, ६.० किलो

वजनं बार-चेन सोडून आहेत. अर्ध्या किलोवॅटचा फरक लाकडात खरंच जाणवतो का? स्पेअरमध्ये पैसा नेमका कुठे जातो? आणि डायग्नोस्टिक किट असलेला मेकॅनिक हाताशी नसेल, तर इलेक्ट्रॉनिक कार्ब्युरेटर घ्यावा की स्क्रूवालाच बरा?

कानसवाला

ताकदीचं आधी घेतो, कारण वाद त्यावरच जास्त होतात आणि उत्तर मात्र सोपं आहे.

३/८ पिचची (कड्यांमधल्या अंतराची) चेन आणि ७ दातांचा रिम स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) असेल तर इंजिनाच्या एका फेऱ्यात चेन १३३ मिमी पुढे जाते. जास्तीत जास्त ताकद दहा हजार आरपीएमच्या आसपास मिळते असं धरलं तर चेनचा वेग सेकंदाला २२ मीटर. या वेगाला ४.४ किलोवॅट म्हणजे चेनवर साधारण २० किलोची ओढ, आणि ३.९ किलोवॅट म्हणजे १८ किलोची. फरक इतकाच. २० इंची बार अर्धा बुडेपर्यंत तो कळत नाही. पूर्ण बुडाला आणि लाकूड कठीण असलं की कळतो: ३७२ला हात थोडा हलका ठेवावा लागतो, ४६२ दाबलं तरी आरपीएम धरून ठेवते.

पण चेनचे डेप्थ गेज (प्रत्येक दातापुढचा उंचवटा, दात किती खोल कापेल ते ठरवणारा) ०.६५ मिमीऐवजी ०.४ वर राहिले असतील तर यापेक्षा जास्त काम तिथेच बुडतं. किलोवॅट विकत घेण्याआधी गेजपट्टी घ्या. भुसा पिठासारखा बारीक पडतोय तोवर मशीन बदलून काही उपयोग नाही, जाड चपटे तुकडे पडायला हवेत.

८ दातांचा रिम टाकला की वेग १४ टक्के वाढतो आणि ओढ साधारण साडेबारा टक्क्यांनी घटते. मऊ लाकडात मजा येते. तुमच्या लाकडात ७च ठेवा.

दिवसभराच्या कामात मला वजन-ताकदीचं गुणोत्तर जास्त मोलाचं वाटतं. किलोवॅटमागे ४६२चे १.३६ किलो पडतात, ५७२चे १.५३ आणि ३७२चे १.५६. संध्याकाळी खांदे हाच आकडा सांगतात.

दोन_स्क्रू

ट्यूनिंगवर लिहितो. स्क्रूवाल्या कार्ब्युरेटरला लोक उगाच घाबरतात. क्रम चुकवला नाही तर अर्ध्या तासाचं काम आहे.

तयारी: एअर फिल्टर धुतलेला, सायलेन्सरच्या जाळीवर काजळी नाही, पेट्रोल ताजं, चेन धारदार आणि योग्य ताणलेली. बार-चेन लावल्याशिवाय फुल रेस कधीच करू नका, भार नसला की इंजिन मर्यादेच्या वर पळतं. प्लग गॅप ०.५ मिमी.

एल (कमी वेगाचा) आणि एच (जास्त वेगाचा) हे इंधनाचे दोन्ही स्क्रू हलक्या हाताने आत टेकवा आणि तिथून एकेक फेरा बाहेर घ्या. ही फक्त सुरुवात, अचूक आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा. आवळून टेकवलं तर सुईला खाच पडते आणि मग तो कार्ब्युरेटर कधीच नीट बसत नाही. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की इंधन कमी, म्हणजे लीन. उलट फिरवलं की रिच.

मशीन तीन-चार मिनिटं हलकं कापून गरम करा. थंड इंजिनावर केलेलं ट्यूनिंग गरम झाल्यावर रिच निघतं.

आधी एल. हळूहळू आत घ्या, आयडल चढत जाईल आणि एका जागी पडायला लागेल. मग बाहेर घेत दुसऱ्या बाजूला कुठे पडतं ते शोधा. या दोन टोकांमध्ये जिथे आयडल सर्वांत चढतं तिथून अष्टमांश फेरा बाहेर. झटक्यात ट्रिगर दाबल्यावर इंजिन अडखळलं तर आणखी थोडं बाहेर घ्या. आयडलला चेन फिरत असेल तर एलला हात लावू नका, त्यासाठी तिसरा स्क्रू आहे (हस्कवर्नावर टी, स्टिलवर एलए). चेन थांबेपर्यंत तो सोडा. ३७२चं आयडल २७०० आहे.

शेवटी एच. दोन-तीन सेकंदच फुल रेस, त्याहून जास्त नको. टॅकोमीटरवर ३७२ची मर्यादा १३,५००, मी १३,०००च्या आसपास थांबायला सांगेन. टॅको 'टू-स्ट्रोक, एक सिलिंडर' वर आहे ना ते बघा, नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो आणि त्या भरवशावर पिस्टन जातो. मग लाकडात तपासा: कापताना आवाज स्वच्छ, आणि कापता कापता मशीन किंचित उचललं की जड, ओबडधोबड गुरगुर. ही गुरगुर म्हणजे इंजिन फोर-स्ट्रोक करतंय, म्हणजे इंधन पुरेसं आहे. उचलल्यावरही शिट्टीसारखा आवाज राहिला तर लीन आहे, लगेच एच बाहेर.

एच हलवलं की एल थोडं बदलतं. शेवटी आयडल पुन्हा बघा.

दोन ठिकाणी हमखास फसगत होते. एक, लिमिटेड कॉइल. ठराविक आरपीएमला कॉइल स्पार्क तोडते आणि तो आवाज गुरगुरीसारखाच वाटतो. नीट ऐकलं तर लिमिटरचा आवाज एकसारखा, टोकदार, मशीनगनसारखा असतो आणि खऱ्या गुरगुरीला लय नसते. शंका असेल तर आधी एच मुद्दाम भरपूर रिच करा, लिमिटरच्या बऱ्याच खाली या आणि तिथून हळूहळू वर चढा. दुसरं, हस्कवर्नाच्या एक्स-टॉर्कसारखी स्ट्रॅटो-चार्ज इंजिनं. त्यात निव्वळ हवेचा वेगळा मार्ग असल्याने गुरगुर इतकी ठळक येत नाही. तिथे कानापेक्षा टॅकोवर विसंबा.

कानसवाला

+१. एक भर घालतो: पेट्रोलमधल्या तेलाचं प्रमाण बदललं की ट्यूनिंगही बदलतं. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली. 'जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित' असं समजून कुणी ३२:१ केलं (लिटरला ३१ मिली) तर त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं, मिश्रण लीन होतं. तेल वाढवा, पण मग एच पुन्हा लावा.

सुटे_भाग

स्पेअरचा खर्च दोन पिशव्यांत वेगळा ठेवा, मग चित्र स्पष्ट दिसेल.

पहिली झिजणाऱ्या भागांची: चेन, बार, रिम, क्लच ड्रमचं बेअरिंग, फिल्टर, स्टार्टरची दोरी. तिन्ही मशीनना हा खर्च जवळपास सारखाच येतो. दोन चेन संपल्या की रिम बदला, किंवा दातांवर ०.५ मिमी खाच दिसली की त्याआधीच. झिजलेला रिम नवी चेन ताणून टाकतो. इथे वाचवलेला पैसा तिथे दुप्पट जातो.

पण ताफ्यात दोन्ही कंपन्यांची मशीन ठेवणार असाल तर सावध. २० इंची बारला दोन्हीकडे ७२ ड्राइव्ह लिंक (बारच्या खाचेत चालणाऱ्या कड्या) बसतात, पिचही ३/८, त्यामुळे चेन दिसायला सारखीच. फरक गेजचा, म्हणजे त्या कड्यांच्या जाडीचा: हस्कवर्नाचा बार सहसा १.५ मिमीचा, स्टिलचा १.६. जाड चेन अरुंद खाचेत शिरतच नाही, हे बरं. पातळ चेन रुंद खाचेत मात्र आरामात बसते, कलते, आणि काप एका बाजूला वळतो. मग लोक दिवसभर कानस घासत बसतात आणि चेनलाच शिव्या देतात. बारची बैठकही वेगळी, ॲडॅप्टरशिवाय अदलाबदल होत नाही. म्हणजे साठा दुप्पट.

दुसरी पिशवी मोठ्या कामांची: सिलिंडर-पिस्टन, क्रँकच्या ऑइल सील, कार्ब्युरेटर, कॉइल. इथे ३७२ सरळ पुढे आहे. डिझाइन जुनं, बाहेरच्या कंपन्यांचे भाग मुबलक आणि कार्ब्युरेटरला डायफ्राम किट टाकलं की भागतं. ऑटोट्यून किंवा एम-ट्रॉनिकमध्ये सोलेनॉइड, कंट्रोल मॉड्यूल, वायरिंग ही वाढीव खर्चाची ठिकाणं आहेत, आणि त्यांच्यात दुरुस्ती नसते, पूर्ण भाग बदलायचा असतो.

बाहेरचा भाग कुठे चालतो? दोरी, कव्हर, फिल्टर, स्पाइक, हँडल खुशाल घ्या. इनटेक बूट (कार्ब्युरेटर आणि सिलिंडरमधली रबरी नळी), इम्पल्स लाइन (कार्ब्युरेटरच्या पंपाला क्रँककेसचा दाब पोचवणारी नळी), ऑइल सील आणि कॉइल मूळ कंपनीचेच घ्या. हे भाग स्वस्तात घेतले तर त्यांची किंमत पिस्टन चुकवतो. बाहेरचा सिलिंडर घेतलाच तर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडांवरून बोट फिरवा. धारदार लागल्या तर रिंग अडकून तुटणार, कडा आधी हलक्या मारून घ्या. बसवल्यावर प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत घालून फ्लायव्हील फिरवा आणि चेपलेलं टोक मोजा, तेच पिस्टन आणि सिलिंडरच्या माथ्यातलं अंतर. ०.५ मिमीपेक्षा कमी भरलं तर सुरू करू नका.

३७२चं किट मागवताना साधं की एक्स-टॉर्क ते आधी सांगा. दोन्ही ७०.७ सीसी, पण पोर्ट वेगळे, पिस्टन वेगळा.

आणि पिस्टन पकडला म्हणजे सिलिंडर गेलाच असं नाही. बऱ्याचदा पिस्टनचं ॲल्युमिनियम भिंतीवर चिकटलेलं असतं, खालचा निकासिलचा (कठीण मुलाम्याचा) थर शाबूत असतो. हायड्रोक्लोरिक ॲसिड कापसाच्या काडीने फक्त डागावर लावा, फेस थांबेपर्यंत, आणि मग भरपूर पाण्याने धुवा. पोर्टजवळ नेऊ नका, तिथलं उघडं ॲल्युमिनियम ॲसिड खाऊन टाकतं. मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालूनच. नखाला ओरखडा लागला नाही तर नुसता पिस्टन आणि रिंगवर काम होतं.

ओंडका

सगळ्यांचे आभार. चेनच्या गेजचा मुद्दा तर डोक्यातच नव्हता. अजून एक: मग 'मेकॅनिक नाही तर इलेक्ट्रॉनिक घेऊ नये' हे बरोबर की उलट? आणि मशीन कुशीवर कलतं केलं की आयडल चढतं, हे ट्यूनिंगने जातं का?

दोन_स्क्रू

दुसऱ्याचं आधी: नाही, आणि ट्यूनिंगने घालवूही नका. कलतं केल्यावर आयडल चढणं, किंवा ट्रिगर सोडल्यावर रेस सावकाश उतरणं, ही एअर लीकची खूण आहे. बहुतेक वेळा क्रँकची ऑइल सील नाहीतर इनटेक बूट. एल रिच करून ते झाकता येतं, पण लीक वाढतच राहते.

तपासणी: सायलेन्सर काढून एक्झॉस्ट रबराने बंद, इनटेक बंद, प्लग लावलेला. हातपंपाने इम्पल्सच्या वाटेने ०.५ बार दाब द्या, २० सेकंद हलता कामा नये. मग तितकंच व्हॅक्यूम लावा, २० सेकंदांत ते ०.३ बारच्या खाली येता कामा नये. क्रँक फिरवत बघा. दोन्ही चाचण्या लागतात, कारण सीलची ओठासारखी कड दाबाखाली शाफ्टला चिकटते आणि व्हॅक्यूममध्ये उघडते. सायलेन्सर काढलाच आहे तर एक्झॉस्टमधून पिस्टनही बघून घ्या. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर लीन चाललंय. चारी बाजूंनी असतील तर कुणीतरी तेल न घालता पेट्रोल भरलंय.

आता पहिलं, कारण दोन्ही गोष्टी जोडलेल्या आहेत. इलेक्ट्रॉनिक कार्ब्युरेटर उंची, तापमान, मळलेला फिल्टर हे सगळं स्वतः सांभाळतो. डोंगरावर हजार मीटर चढलात तर हवा साधारण दहा टक्के विरळ होते, स्क्रूवाला रिच पडतो. तिथे लीन केलेलं मशीन खाली येऊन तसंच चालवलं की पिस्टन गेला. ऑटोट्यून, एम-ट्रॉनिकला ही भीती नाही. पण ते एअर लीकही तितक्याच शांतपणे भरून काढतात. स्क्रूवालं मशीन आठवडाभर आधी आयडल बिघडवून ओरडतं, इलेक्ट्रॉनिक मात्र आपली मर्यादा संपेपर्यंत गप्प राहतं आणि मग एकदम बिघडतं.

म्हणून माझं उत्तर असं: रोज एकच माणूस मशीन धरतो, त्याचा कान तयार आहे आणि व्हॅक्यूम पंप आहे, तर ३७२. हात रोज बदलतात, कामाची उंची बदलते, तर ४६२, आणि प्रत्येक मोसमाच्या सुरुवातीला वरची लीक तपासणी करायचीच. भाग बदलल्यावर कॅलिब्रेशन पुस्तिकेतल्या क्रमानेच करा, एम-ट्रॉनिकच्या प्रत्येक आवृत्तीत तो थोडा वेगळा आहे.

सुटे_भाग

५७२बद्दल कुणीच बोललं नाही. मशीन चांगलं आहे, पण तुमच्या तीन निकषांवर ते मध्येच अडकतं: ३७२ची साधी दुरुस्ती नाही आणि ४६२चं हलकं वजनही नाही. बाकीचा ताफा हस्कवर्नाचा असेल तरच घ्या, चेनचा साठा एक राहतो.

कानसवाला

आणि कुणी एमएस ५००आय सुचवेल त्याआधीच: ७९.२ सीसी, ५.० किलोवॅट, ६.२ किलो, म्हणजे किलोवॅटमागे १.२४ किलो. यादीतल्या तिन्हींच्या पुढे. कार्ब्युरेटरच नाही, इंजेक्शन आहे, त्यामुळे ट्यूनिंगचा प्रश्नच उरत नाही. मात्र बिघाड शोधायचा तर डायग्नोस्टिक लागतं आणि ते हाताशी नाही असं तुम्हीच वर लिहिलंय.