ओझरते पाहणारा साक्षीदार आणि जप्त झालेला सुरा: वजन कशाला अधिक?

विधी शाखेची विद्यार्थिनी, सोलापूर
अभ्यासासाठी एक कल्पित प्रसंग मांडते. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाजवळ रात्री खून झाला. एका अनोळखी विक्रेत्याने मारेकऱ्याला ओझरते पाहिले आणि पुढे आरोपीने दाखवलेल्या जागेवरून सुरा जप्त झाला. मैत्रिणींच्या मते प्रत्यक्षदर्शीची साक्ष आपोआप वरचढ ठरते. हे बरोबर आहे का?

वकील, सात रस्ता
अशी उतरंड कायद्यात नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 139 प्रमाणे (जुन्या पुरावा कायद्यातील कलम 134) साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही, त्यामुळे एकाच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते. मात्र 1957 च्या वडिवेलू थेवर निकालात सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह आणि या दोहोंमधला असे साक्षीदारांचे तीन प्रकार सांगितले. तुमचा विक्रेता तिसऱ्या प्रकारात मोडतो, म्हणजे त्याच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा हवा.

निवृत्त नायब तहसीलदार
वकीलसाहेबांशी सहमत आहे. ओळख परेड (साक्षीदाराने संशयिताला इतर माणसांच्या रांगेतून ओळखून दाखवणे) घेताना मला साक्षीदाराच्या खोटेपणापेक्षा त्याच्या प्रामाणिक चुकीची धास्ती अधिक वाटे, कारण अंधुक उजेडात आणि भीतीच्या भरात नजर चेहऱ्यापेक्षा हत्यारावर खिळते, आणि पुढे आरोपीचा फोटो कुणी दाखवला तर मूळ आठवणीवर तोच चेहरा बसतो. (हल्ली अटकेच्या दिवशीच फोटो मोबाइलवर फिरतात, मग परेडला काय अर्थ उरतो?) शिवाय परेड हा मूळ पुरावा नव्हे, न्यायालयात शपथेवर पटवलेली ओळख हा मूळ पुरावा, परेडने तिला फक्त बळकटी मिळते.

वकील, सात रस्ता
रावसाहेबांचा मुद्दा जप्तीलाही लागू आहे. परिस्थिती खोटे बोलत नाही असे म्हणतात, पण ती गोळा करणारी माणसेच असतात. सुरा उघड्या जागी, कुणालाही सापडेल असा पडला होता का, त्यावरचे रक्त मृताचेच आहे हे डीएनए तपासणीने ठरले का, सील न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत शाबूत होते का आणि पंच (जप्तीच्या वेळी हजर असलेले साक्षीदार) फितूर झाले का, हे सारे पाहावे लागते. पुण्यातील शरद बिर्धीचंद सारडा खटल्याच्या 1984 च्या निकालाप्रमाणे प्रत्येक परिस्थिती पूर्ण सिद्ध व्हायला हवी आणि त्यांची साखळी आरोपीच्या निर्दोषत्वाची वाजवी शक्यता उरू न देणारी हवी. परेडआधी विक्रेत्याने फोटो पाहिला असेल आणि सुऱ्यावरचे रक्त कुणाचे हे ठरले नसेल, तर माझ्या मते आरोपीला संशयाचा फायदा द्यावाच लागेल, कारण दोन डळमळीत पुरावे एकमेकांना दुजोरा देऊ शकत नाहीत.