शब्दचर्चा : ढगाची कड ‘विरते’ म्हणजे नेमकं काय होतं?

येळ्ळूरची बाई :
नमस्कार मंडळी. नववीच्या मुलांसाठी ढगांवर चार पानं लिहायला घेतली आहेत. गणपती झाल्यावर मुलांना राजहंसगडावर नेलं होतं. जांबोटीच्या अंगानं फुलकोबीसारखे ढग येत होते. एक मुलगी म्हणाली, “बाई, त्याची कड बघा की, उसवायलीय!” खरंच, कडेचे पांढरे धागे सुटत होते आणि दहा अंक मोजायच्या आत दिसेनासे होत होते. आतला गड्डा मात्र तसाच. पुस्तकात याला ‘संक्षोभी मिश्रण’ म्हटलंय. मुलं ते पाठ करतील, पण त्यांना कळणार नाही. पांगणे, विरणे, विरघळणे, आटणे, यांतलं काय लिहू?

खानापूरकर :
बाई, ‘पांगणे’ नको. वाऱ्यानं ढग पांगले म्हणजे तुकडे होऊन इकडंतिकडं गेले, पण आहेत कुठंतरी. मेंढरं पांगतात तशी. तुमच्या मुलीनं पाहिलं ते जागच्या जागी नाहीसं होणं. ‘विरघळणे’ही नको, ते खडीसाखरेला शोभतं. आमची आजी जुन्या लुगड्याला म्हणायची, “काठाला विरलंय.” ढगाला तोच शब्द चपखल.

हवामानाचा विद्यार्थी, सध्या पुण्यात, गाव निपाणी :
काका, ‘विरणे’ मलाही आवडतो, पण त्याच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या काढल्या नाहीत तर मुलांना अर्धंच कळेल.

ढगातला थेंब साधारण 20 मायक्रॉन जाडीचा, केसाहून बराच बारीक. एका घनसेंटिमीटरात असे शेकड्यांनी थेंब असतात. ढगाच्या कडेला हवेचे भोवरे बाहेरची कोरडी हवा आत ओढतात. त्या ओढून घेण्याला इंग्रजीत एन्ट्रेनमेंट म्हणतात. मी त्याला ‘शिरकाव’ म्हणेन. कोरडी हवा आत शिरली की थेंब आटू लागतात. ‘आटणे’ हा शब्द मी मुद्दाम घेतोय, कारण ओढ्याचं पाणी आटतं तसंच हे आहे.

आता प्रश्न असा, की आधी हवा नीट मिसळते की आधी थेंब आटतात?

ताटलीत साखरेची छोटी रास करा आणि एका बाजूनं पाणी हळूच सोडा. कडेचे दाणे पार संपतात, मधले जसेच्या तसे राहतात. आता तेवढीच साखर भांडंभर पाण्यात टाकून चमच्यानं भरभर ढवळा. सगळेच दाणे एकदम बारीक होत जातात. ढगातही हेच दोन प्रकार. भोवरा लहान असेल तर हवा झटकन एकजीव होते आणि सगळे थेंब थोडे थोडे आटतात. शिरलेला हवेचा गोळा मोठा असेल तर तो मिसळायला वेळ लागतो. तोवर त्याला लागलेले थेंब संपून जातात आणि बाकीच्यांचा आकार तोच राहतो. ढगात थेंब कमी, पण आहेत ते पूर्ण.

म्हणून माझी सूचना : सगळे थेंब थोडे थोडे आटतात त्याला ‘सरसकट आटणे’, काही थेंब पार संपून बाकीचे तसेच राहतात त्याला ‘विरळणे’. हे दोन्ही शब्द घरचे आहेत. भातात दाणा बारीक राहणं वेगळं आणि रोप विरळ होणं वेगळं, हे येळ्ळूरच्या मुलांना कुणी शिकवायला नको.

अथणीचा शेतकरी :
दादा, एक विचारतो. आमच्याकडं ढग येतात, काळे होतात, आणि थेंब न सांडता जातात. हे ‘विरळणे’च का?

हवामानाचा विद्यार्थी :
काका, तुमच्याकडचं मोठं कारण सह्याद्री. ओल बरीचशी कणकुंबी, जांबोटीकडं सांडते आणि पुढं उतरणारी हवा तापून कोरडी होते. ती कोरडी हवाच मग ढगाच्या कडेला शिरते, इतका या दोन्हींचा संबंध आहे. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले सुमारे 10 लाख थेंब एकत्र यावे लागतात, आणि त्यासाठी काही थेंब आधी मोठे झालेले असावे लागतात. सगळेच सरसकट बारीक झाले तर त्यांची एकमेकांशी टक्कर होऊन गट्टी जमत नाही. विरळले आणि ती हवा पुन्हा वर चढली, तर उरलेल्यांच्या वाट्याला जास्त वाफ येऊन ते वाढूही शकतात. म्हणून दोन शब्द हवेत, एवढ्यासाठीच माझा आग्रह.

येळ्ळूरची बाई :
पटलं. आणि ‘संक्षोभ’ला?

खानापूरकर :
‘घुसळण’. आमच्या शेजारच्या कन्नड काकू रवीला कडगोलू म्हणतात, पण ताक दोन्ही घरांत घुसळूनच होतं.

हवामानाचा विद्यार्थी :
‘घुसळण’ उत्तम. त्यात एक भर घाला. एक ग्रॅम पाणी आटताना सुमारे 2500 जूल उष्णता हवेतून जाते. हवा गार होते, जड होते आणि ढगाच्या कडेनं खाली घसरते. आत वर चढणारी हवा, बाहेर उतरणारी हवा, त्यामुळं घुसळण आणखी वाढते. रवीची दोरी दोन्हीकडून ओढल्यासारखी.

येळ्ळूरची बाई :
मग असं लिहिते : “ढगाच्या कडेला घुसळण होते, कोरड्या हवेचा शिरकाव होतो; कुठे थेंब सरसकट आटतात, कुठे ढग विरळतो. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा कड विरलेली दिसते.” आणि पहिल्या ओळीत त्या मुलीचं ‘उसवायलीय’ ठेवते.