विषय: लायन्सने २०२३ मध्ये रनिंग बॅक आणि लाइनबॅकर का घेतले?

प्रेषक: कँटन येथील सभासद

सप्रेम नमस्कार मंडळी,

माझा मुलगा यंदा हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू) म्हणून खेळू लागला आहे, त्यामुळे आमच्या घरी ड्राफ्टची, म्हणजे एनएफएलचे व्यावसायिक संघ महाविद्यालयीन खेळाडू फेरीफेरीने निवडतात त्या निवडीची, चर्चा आता एप्रिलपुरती उरलेली नाही. परवा त्याने मला एक प्रश्न विचारला आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही, म्हणून तो येथे मांडतो. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइट लायन्सने पहिल्या फेरीत बाराव्या क्रमांकावर जमीर गिब्ज हा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) आणि अठराव्या क्रमांकावर जॅक कँपबेल हा लाइनबॅकर घेतला. त्या रात्री बहुतेक समीक्षकांनी या दोन्ही निवडींना नावे ठेवली होती, आणि प्रत्यक्षात दोघेही संघाचे आधार झाले. मग समीक्षक चुकले, की लायन्सचे नशीब जोरावर होते? आपल्यापैकी जे वर्षानुवर्षे या संघामागे उभे आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. मुलाला मी हा पत्रव्यवहार वाचून दाखवणार आहे.

प्रेषक: ट्रॉय येथील सभासद

स. न. वि. वि.

आपल्या चिरंजीवांचा प्रश्न नेमका आहे. मी २००८ चा हंगाम, ज्यात लायन्स सोळापैकी सोळा सामने हरले, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला आहे. तेव्हापासून ‘चांगला संघ उभा कसा राहतो’ हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे आपण म्हणतो, पण ड्राफ्टमध्ये ते बाविसाव्या वर्षीही धड दिसत नाहीत. आमन-रा सेंट ब्राउनचेच उदाहरण घ्या. २०२१ मध्ये त्याच्याआधी सोळा रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) निवडले गेले आणि तो लायन्सला चौथ्या फेरीत, ११२ व्या क्रमांकावर मिळाला. तीनच वर्षांनी, २०२४ च्या एप्रिलमध्ये, त्याच लायन्सने त्याच्याशी चार वर्षांसाठी १२ कोटी डॉलर्सचा करार केला. बत्तीस संघांचे स्काउट वर्षभर गावोगाव हिंडतात, तासन् तास चित्रफिती पाहतात, आणि तरीही असा मुलगा शंभराच्या पलीकडे घसरतो, याचा अर्थ ती माणसे आळशी आहेत असा नव्हे. अंदाज बांधण्याचे हे काम मुळातच अतिशय अवघड आहे, एवढाच त्याचा अर्थ.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघांनी ड्राफ्टचा हिशेब मांडला होता. त्यांपैकी थेलर यांना पुढे, २०१७ मध्ये, अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. एकाच जागी खेळणारे दोन खेळाडू लागोपाठ निवडले गेले असतील, तर आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता निम्म्याहून किंचितच जास्त असते, असे त्यांना आढळले. आता विचार करा, ज्या क्रमवारीचा भरवसा इतका बेताचा आहे, तिच्यात काही पायऱ्या वर चढण्यासाठी पुढच्या वर्षांच्या निवडी देऊन टाकणे कितपत योग्य? सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये नेमके तेच केले. बाराव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर जाण्यासाठी त्यांनी पुढील दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी आणि वर तिसऱ्या फेरीची एक निवड दिली, आणि ट्रे लान्स या क्वार्टरबॅकला (पास फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला) घेतले. मात्र २०२४ च्या जानेवारीत मध्यंतरापर्यंत २४-७ अशा आघाडीवर असलेल्या आपल्या लायन्सना ३४-३१ असे हरवून सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत नेले ते ब्रॉक पर्डी या दुसऱ्याच क्वार्टरबॅकने, जो २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, म्हणजे २६२ व्या क्रमांकावर निवडला गेला होता. तोवर लान्सला त्यांनी चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात डॅलसला देऊनही टाकले होते.

म्हणून माझ्या मते २०२३ मधली लायन्सची खरी हुशारी गिब्जच्या नावात नव्हती, ती त्याआधीच्या व्यवहारात होती. आपला जुना क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड याच्या बदल्यात लॉस एंजेलिस रॅम्स संघाकडून मिळालेला सहावा क्रमांक त्यांच्या हाती होता. तो आणि ८१ वा क्रमांक अ‍ॅरिझोनाला देऊन त्यांनी बारावा, ३४ वा आणि १६८ वा असे तीन क्रमांक घेतले. जिमी जॉन्सन डॅलसचे प्रशिक्षक असताना तिथे निवडींच्या मोलाचा एक तक्ता तयार झाला होता, ज्यात पहिल्या क्रमांकाला ३,००० गुण आहेत. त्या तक्त्याप्रमाणे सहाव्याचे १,६०० आणि ८१ व्याचे १८५ गुण होतात, तर बाराव्याचे १,२०० आणि ३४ व्याचे ५६०. १६८ व्याचे थोडके गुण मिळवले की दोन्ही पारडी जवळजवळ सारखी होतात. कागदावर कोणीच कोणाला फसवले नाही. परंतु त्या ३४ व्या क्रमांकावर लायन्सने सॅम लापोर्टा हा टाइट एंड (अडवणे आणि पास झेलणे अशी दोन्ही कामे करणारा खेळाडू) घेतला, आणि त्याने पहिल्याच हंगामात ८६ झेल घेऊन नवख्या टाइट एंडचा तोवरचा विक्रम मोडला.

आता समीक्षकांची बाजू. त्यांचा आक्षेप गिब्जच्या गुणांवर नव्हता, तो मैदानावर ज्या जागी खेळतो त्या जागेवर होता. २०११ पासून नवख्या खेळाडूचे वेतन तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला यावरून ठरते, तो कुठे खेळतो यावरून नाही. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७ कोटी ८० लाख डॉलर्स मिळाले. पुढच्याच वर्षी कॅम न्यूटनला चार वर्षांचे २ कोटी २० लाख. म्हणजे बाराव्या क्रमांकावर टॅकल (आक्रमणाच्या पुढच्या फळीत क्वार्टरबॅकचे रक्षण करणारा खेळाडू) घ्या की रनिंग बॅक, खर्च सारखाच. पण बाजारात उत्तम टॅकल रनिंग बॅकपेक्षा किंवा लाइनबॅकरपेक्षा पुष्कळ महाग असतो, म्हणून पहिल्या फेरीत टॅकल घेणाऱ्या संघाची बचत जास्त होते. हा युक्तिवाद मला आजही मान्य आहे. गिब्ज उत्कृष्ट खेळतो हे खरे, पण निर्णय योग्य होता की नाही हे त्या निर्णयाच्या फळावरून ठरवू नये, असे आपल्या चिरंजीवांना सांगावे.

प्रेषक: नोव्हाय येथील सभासद

नमस्कार,

ट्रॉयच्या काकांचे पत्र दोनदा वाचले. खाली सरकून निवडी वाढवाव्यात हे पूर्ण पटते. परंतु खेळाडू ओळखण्याची विद्या जवळजवळ नाणेफेकीसारखी आहे असा जो सूर त्यात येतो, त्याविषयी मला आदरपूर्वक मतभेद नोंदवायचा आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि तरुण खेळाडूंची शरीरे रोज पाहते. काही गोष्टी आधी दिसतात. त्या पाहणाऱ्याला काय शोधायचे ते माहीत असावे लागते.

इंडियानापोलिसला फेब्रुवारीअखेर भरणाऱ्या कंबाइनमध्ये (ड्राफ्टपूर्वीच्या चाचणी शिबिरात) दूरदर्शनवर चाळीस यार्डांची धाव दाखवतात, पण संघांच्या दृष्टीने तिथला सर्वांत मोलाचा भाग वैद्यकीय तपासणीचा असतो: गुडघ्याची जुनी शस्त्रक्रिया, खांद्याचा सैलपणा, मणक्याची अवस्था. २०२२ मध्ये जॅक्सनव्हिलने पहिल्या क्रमांकावर ट्रॅव्हॉन वॉकरला घेतले. २७२ पौंडांचा हा मुलगा चाळीस यार्ड ४.५१ सेकंदांत धावला होता, मात्र महाविद्यालयातल्या शेवटच्या हंगामात त्याचे सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडणे) फक्त ६ होते. लायन्सने दुसऱ्या क्रमांकावर आपल्याच प्लिमथमध्ये जन्मलेला, मिशिगन विद्यापीठाचा एडन हचिन्सन घेतला. त्याची धाव ४.७४ सेकंदांची, पण सॅक १४. वॉकर वाईट निघाला असे मुळीच नाही, २०२३ मध्ये त्याने १० सॅक केले. तरीही घड्याळातले आकडे आणि मैदानावरचे काम यांत निवड करायची वेळ आली तेव्हा लायन्सने काम पाहिले, आणि तो डोळसपणा होता.

पेनी सूएल या टॅकलचे उदाहरण मला आणखी बोलके वाटते. कोविडमुळे त्याने २०२० चा हंगाम खेळलाच नाही, तरी २०१९ च्या चित्रफितींवर विश्वास ठेवून लायन्सने त्याला २०२१ मध्ये सातव्या क्रमांकावर घेतले. वीस वर्षांचा मुलगा वर्षभर मैदानाबाहेर असताना एवढा भरवसा केवळ हिशेबाने येत नाही. त्याच्या पायांची ठेवण, तोल सुटल्यावर तो सावरण्याची पद्धत, प्रतिस्पर्ध्याला शिट्टी होईपर्यंत न सोडण्याची वृत्ती हे सगळे त्या चित्रफितींत होते.

जागेच्या मोलाबद्दल एक गोष्ट जोडते. २००३, २००४ आणि २००५ अशी सलग तीन वर्षे लायन्सने पहिल्या दहांतली निवड रिसीव्हरवर खर्च केली. तिसऱ्या वेळी दहाव्या क्रमांकावर माइक विल्यम्सला घेतले, आणि डीमार्कस वेअर अकराव्या क्रमांकावर डॅलसला गेला. रिसीव्हर ही जागा आज बाजारात चांगलीच महाग आहे. तरीही ते धोरण फसले, कारण संघाला नेमके काय कमी आहे हा प्रश्न बाजूलाच राहिला. उलट २०२३ मध्ये लायन्सचे सरव्यवस्थापक ब्रॅड होम्स आणि प्रशिक्षक डॅन कँपबेल यांना ठाऊक होते की त्यांच्या आक्रमणाची पुढची फळी आधीच भक्कम आहे, आणि तिच्यामागून धावणारा, पासही झेलणारा गिब्ज इतर कुठल्याही संघापेक्षा इथे जास्त उपयोगी पडेल. खेळाडूचे मोल तो कोणत्या घरात जाणार यावरही अवलंबून असते. बाजारभावाच्या तक्त्यात हा रकाना नसतो.

प्रेषक: कँटन येथील सभासद

काका आणि ताई, दोघांचेही मनापासून आभार.

काल रात्री जेवणानंतर दोन्ही पत्रे मुलाला वाचून दाखवली. तो ताईंच्या बाजूचा झाला, आणि त्याला कारणही आहे, कारण तो स्वतः लाइनबॅकर आहे आणि आपली जागा ‘स्वस्त’ समजली जाते हे त्याला लागले. काकांचे म्हणणे मात्र त्याने वहीत उतरवून घेतले: निर्णय आणि त्याचे फळ वेगवेगळे मोजावे. मग त्याने विचारले की, तसे असेल तर ड्राफ्टच्या रात्रीच आपला निर्णय लिहून का ठेवू नये, म्हणजे पुढे कोणाला आठवणीत फेरफार करता येणार नाही.

त्याची सूचना आपणा सर्वांपुढे ठेवतो. ड्राफ्टच्या आदल्या दिवशी ज्यांची इच्छा असेल त्यांनी लायन्सच्या पहिल्या निवडीच्या वेळी आपण कोणाला घेतले असते आणि का, किंवा खाली सरकलो असतो तर किती निवडींच्या बदल्यात, हे चार-पाच ओळींत कारणांसह लिहून माझ्याकडे पाठवावे. मी ती पाकिटे न उघडता ठेवीन. तीन हंगाम झाल्यावर आमच्याच घरी सगळे मिळून ती उघडू. चहा आणि बटाटेवडे आमच्याकडे.