जुन्या नोंदींचा खरा खर्च कोणता, आणि तो कोणी सोसायचा?

दप्तरी (धागाकर्ता)

पणजोबांचे नाव, गाव आणि मृत्यूचा अंदाजे काळ एवढेच हाताशी असलेल्या माणसाला त्यांची नोंद शोधायची झाली, तर त्याला काय काय करावे लागते याचा हिशेब एकदा मांडला जावा, म्हणून हा धागा काढत आहे. गाव नमुना १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो ती जन्ममृत्यूची नोंदवही, सहसा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते. माहिती अधिकारातून गेल्यास अर्जाचे १० रुपये आणि पानामागे २ रुपये लागतात. नकलेचा साधा अर्ज केल्यास कोर्ट फी स्टॅम्प आणि किरकोळ नक्कल फी. सरकारी शुल्काबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही.

खर्च होतो तो इतरत्र. कोणत्या गावाच्या कोणत्या वर्षांच्या वह्या कोठे आहेत याची यादी बाहेरच्या माणसाला पाहायला मिळत नाही. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून, नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून आणि पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून. तालुक्यांचीही अशीच फेररचना होत गेली. जुनी दप्तरे नव्या ठिकाणी पोहोचली की नाही, हे अर्जदाराला दोन्ही कार्यालयांच्या पायऱ्या झिजवूनच कळते. शेवटी ‘अभिलेख जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही’ असा शेरा हाती पडतो, तोवर रजा, प्रवास आणि मध्यस्थाची दक्षिणा यांत शुल्काच्या कैक पट रक्कम गेलेली असते. माझे म्हणणे असे की शंभर वर्षांपूर्वीच्या सर्व गावनोंदी स्कॅन करून, नावांच्या सूचीसह, कोणालाही विनामूल्य पाहता आल्या पाहिजेत.

निवृत्त अभिलेखपाल

हेतूबद्दल आदर राखून मी या मागणीला विरोध करतो. आपण कोतवाल बुकाकडे कुळाच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहता. अभिलेख कक्षात येणाऱ्या अर्जदारांपैकी बहुतेकांना मात्र तो जातीचा पुरावा म्हणून हवा असतो. इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीची नोंद पाहिली जाते, हे ठाऊक असलेला माणूस त्या वहीकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे मी नोकरीत पुरेसे पाहिले आहे. ओळींच्या मध्ये वेगळ्या शाईने घुसवलेली नोंद आणि नेमके हवे तेच पान फाटलेले, हे दोन्ही प्रकार आमच्या परिचयाचे होते.

नावांची सूची खुली केल्यास आडनाव आणि गाव जुळणारे एखादे परके कुटुंब शोधून त्याला आपली वंशावळ जोडणे घरबसल्या शक्य होईल. शिवाय आपण समजता तशी सूची करताही येत नाही. जन्माच्या असंख्य नोंदींत बाळाचे नावच नसते. बापाचे नाव आणि पुढे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच. आईचा उल्लेख तर क्वचितच. अमुक नोंद अमक्या व्यक्तीची आहे, हे नात्यांची जुळणी केल्यावरच कळते, आणि ती जुळणी संगणकाच्या आवाक्यातली नाही.

दप्तरी

घुसवलेल्या ओळी आणि फाडलेली पाने हे तर माझ्याच बाजूचे पुरावे झाले. अस्सल वही एकच असते आणि ती मोजक्या लोकांनाच दिसते, म्हणूनच तिच्यात हात घालता येतो. एकदा पानाची प्रतिमा प्रसिद्ध झाली की नंतर घातलेली ओळ लपत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेल्यानंतर राज्यभरातील दप्तरे धुंडाळली गेली, कुणबी नोंदींची पाने स्कॅन झाली आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढवलीही गेली. राजकीय निकड निर्माण होताच जे काही महिन्यांत साधले, ते एरवी अशक्य आहे असे आता कोणी सांगू नये.

विधिज्ञ

एका मुद्द्याची भर घालतो. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ८(३) नुसार वीस वर्षांपूर्वीच्या बाबींना मोजके अपवाद वगळता नकार देता येत नाही, आणि खासगीपणाची सबब त्या अपवादांत मोडत नाही. जुनी नोंद गोपनीय असल्याचे सांगून अर्जदाराला परत पाठवणे कायद्यात बसत नाही.

वाईकर

मागितलेल्या एकाला नक्कल देणे आणि सगळ्या जगापुढे वही उघडून ठेवणे या दोन गोष्टी कायद्याने एक केल्या असल्या, तरी माणसांच्या दृष्टीने त्या एक नाहीत. या वह्यांत जात आहे, तीही त्या काळच्या कारकुनाच्या शब्दांत; मृत्यूचे कारण आहे; बापाचे नाव नसलेली मुले आहेत. गावातल्या अवहेलनेपासून सुटण्यासाठी ज्यांनी आडनाव बदलले, मुंबई-पुण्याला जाऊन नवी ओळख उभी केली, त्यांच्या नातवंडांनी काय करायचे? कोणीही चौकस शेजारी त्यांचे मूळ चाळू शकेल, अशी ही सोय आहे. ज्यांच्या पूर्वजांच्या नावापुढे इनाम आणि वतन लिहिलेले आहे, त्यांना कुळाच्या इतिहासाची हौस परवडते. शंभर वर्षांची मर्यादा मला पुरेशी वाटत नाही, कारण जातीला अशी मुदत नसते.

मोडीवाचक

विनामूल्य या शब्दाबद्दल मला बोलायचे आहे. स्कॅन झालेले पान मोडी लिपीत असेल, तर ते शंभरातल्या नव्याण्णव लोकांसाठी बंदच राहते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत अनेक गावांचे दप्तर मोडीत आहे. तारखा कोठे इसवी सनात, कोठे शकात, कोठे फसली या महसुली सनात. कोतवालाच्या घाईच्या अक्षरातील एक पान लावण्यात कधी संपूर्ण दिवस जातो. लिप्यंतराचे पैसे सांगितले की लोक ‘चार ओळींचे एवढे?’ असे विचारतात. पुराभिलेख संचालनालयाच्या वर्गांत मोडी शिकणारे पुष्कळ आहेत, पण जबाबदारीने सही करून लिप्यंतर देणारे थोडे, आणि त्यांनाही पोट आहे.

मराठवाड्यातून

आपण निदान मोडीवर वाद घालत आहात. आमच्याकडे निजामी राजवटीतील कागद उर्दूत, काही फारसीत, आणि त्यांतील पुष्कळ हैदराबादेत. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान खालसा झाले आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तरी त्या दप्तराचा बराचसा भाग आज तेलंगणाच्या पुराभिलेखागारात आहे. बीडच्या शेतकऱ्याने आजोबांचा कागद शोधायला परराज्यात जावे, तेथे उर्दू वाचणारा गाठावा आणि मराठी भाषांतर साक्षांकित करून घ्यावे, हा खर्च कोणत्याही शुल्कपत्रकात लिहिलेला नसतो. नावांची सूची खुली असावी की नसावी, या वादापर्यंत आम्ही अजून पोहोचलेलोच नाही.

दप्तरी

वाईकर यांचा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, पण त्यावर दार बंद ठेवणे हे उत्तर मला पटत नाही. ज्यांच्याकडे इनामाची सनद, कुलवृत्तांत किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतील पिढ्यांची नावे नाहीत, त्यांच्यासाठी कोतवालाची ओळ हाच बहुधा एकमेव कागद असतो. मॉरिशसमधील मराठी कुटुंबांचे उदाहरण पाहा. करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या त्यांच्या पूर्वजांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत आणि त्यांत गाव व जिल्हा सापडू शकतो. तेथून निघालेला धागा कोकणात येऊन तुटतो, कारण रत्नागिरीचे गाव आता सिंधुदुर्गात असते आणि दप्तर कोठे आहे हे सांगणारा कोणी नसतो. तेव्हा जातीचा रकाना झाकून प्रतिमा दाखवाव्यात, आणि पूर्ण पान पाहिजे असल्यास नाते सिद्ध करावे.

वाईकर

कोकणातील आणि देशावरील कितीतरी वाड्यांची नावेच जातींवरून आहेत. रकाना झाकला तरी पत्ता बोलतो.

निवृत्त अभिलेखपाल

व्यक्तींच्या नावांची सूची खुली करण्यास माझा विरोध कायम आहे. मात्र गावनिहाय वह्यांची यादी, म्हणजे कोणत्या वर्षांची वही कोणत्या कार्यालयात आहे, कोणती जीर्ण आहे आणि कोणती गहाळ आहे, एवढी माहिती प्रत्येक तहसीलने प्रसिद्ध करण्यास हरकत घेण्याचे मला कारण दिसत नाही. कार्यालये ती टाळतील, आणि तेही खासगीपणासाठी नव्हे. ‘गहाळ’ असे छापले की ती वही कोणाच्या ताब्यात असताना गहाळ झाली, हा प्रश्न लगेच येतो. ‘जीर्ण’ लिहिले की तो येत नाही.

मोडीवाचक

मग यादीत जीर्ण वह्यांपुढे पानांची संख्याही लिहायला लावा. वही खरोखर जीर्ण असेल, तर पाने मोजायला तिच्यापाशी जावे तरी लागेल.