मदत हवी आहे: स्पीड आणि स्लॅलमसाठी विंडसर्फिंगचं शीड, दोन कॅम्बरचं घ्यावं की पूर्ण रेसिंगचं?

झुळूक

नमस्कार मंडळी,

वाऱ्यापाण्यात रमणारे थोडे जण इथे नक्की आहेत, म्हणून जरा सविस्तर विचारतो. मी नेदरलंड्समध्ये राहतो आणि स्ट्रांड होर्स्टला, वोल्डरवाइड तलावावर विंडसर्फिंग करतो. पाणी उथळ, किनाऱ्यापासून बरंच आत गेलं तरी उभं राहता येतं. वारा जोर धरला की आखूड, टणक लाटा उठतात. उन्हाळ्यात पाणवनस्पती इतक्या माजतात की साधी फिन (बोर्डखालचं पातं) चालतच नाही.

माझं वजन ७८ किलो. बोर्ड फ्रीरेस प्रकारचा, १०५ लिटर, ६६ सेंटीमीटर रुंद. शीड एकच, ६.२ चौरस मीटरचं, बिनकॅम्बरचं. जीपीएसवर २ सेकंदांचा सर्वोच्च वेग ३१ नॉटपर्यंत जातो, म्हणजे ताशी ५७ किलोमीटर. त्यापुढे गाडी सरकत नाही. जोराची झुळूक आली की सगळी ओढ पुढच्या हातावरून मागच्या हातावर जाते, शीड थरथरतं आणि मला मागचा हात उघडून वारा सोडून द्यावा लागतो. वेग मिळायची वेळ नेमकी तीच असते.

आता ७.० आणि ५.६ अशी जोडी घ्यायची आहे, बहुधा सेकंडहँड. सेव्हर्नपुरतं बोलायचं तर एनसीएक्स बिनकॅम्बरचं, टर्बो जीटी दोन कॅम्बरचं आणि माक पूर्ण रेसिंगचं. बाकीच्या कंपन्यांतही साधारण अशाच तीन पायऱ्या आहेत. बिनकॅम्बरचं पुन्हा घ्यायचं नाही, एवढं ठरलंय. पण पुढे एक पायरी चढावी की थेट दोन?

मला नुसता २ सेकंदांचा आकडा नकोय. १० सेकंदांच्या पाच धावांची सरासरी सुधारायची आहे, आणि जास्त जीव अडकलाय तो अल्फात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एकूण ५०० मीटरची धाव, त्यातच एक जाइब (वारा पाठीशी घेऊन उलट दिशेला वळणं) घ्यायची आणि जिथून सुरुवात केली त्याच्या ५० मीटरच्या आत परत यायचं. त्या पूर्ण अंतराचा सरासरी वेग मोजतात. जाइबमध्ये वेग पडला की सगळं मुसळ केरात.

विक्रमवीरांची शिडं बघून ठरवण्यात अर्थ नाही असं माझं मत आहे. फ्रेंच विंडसर्फर अँटोइन अल्बोने २०१५ मध्ये नामिबियात लुडेरिट्झला ५०० मीटरवर ५३.२७ नॉट काढले, पण ते खास खणलेल्या अरुंद कालव्यात, जिथे पाण्याला लाट धरायला जागाच नसते. तिथे जाइबचा प्रश्न येत नाही. मला तलावावर दिवसभर येरझाऱ्या घालायच्या आहेत.

आणि मास्टचं, म्हणजे शिडाच्या डोलकाठीचं काय? सध्याचा ४३० सेंटीमीटरचा आहे, ७५ टक्के कार्बनचा, दुसऱ्या कंपनीचा. तो चालेल का?

नवशिका

छान धागा. मी गोव्यात नुकतंच शिकायला लागलोय. कॅम्बर म्हणजे नक्की काय?

झुळूक

शिडात आडव्या लवचिक पट्ट्या असतात, त्या बॅटन. बॅटनच्या पुढच्या टोकाला प्लॅस्टिकचा चिमट्यासारखा तुकडा बसवतात, तो मास्टला मागून कवेत घेतो. तोच कॅम्बर. त्यामुळे वारा नसतानाही शिडाचं पोट भरलेलं राहतं. शिकताना याच्या वाटेला जाऊ नका, शीड जड होतं आणि पाण्यातून उचलताना दमछाक होते.

वायव्यवारा

मी इंग्लंडमध्ये पोर्टलंड हार्बरला जातो, स्लॅलम (पाण्यातल्या तरंगत्या खुणांना, म्हणजे बोयांना, वळसे घालत शर्यत) आणि स्पीड दोन्ही करतो.

तुमची ओढ मागच्या हातावर जाते, हेच मूळ दुखणं आहे. बोर्डचा वेग वाढतो तसा तुम्हाला जाणवणारा वारा समोरून यायला लागतो. अशा वेळी शिडाचं पोट पुढे, मास्टजवळ टिकायला हवं. बिनकॅम्बरच्या शिडात ते झुळकीबरोबर मागे सरकतं. कॅम्बर त्याला जागेवर धरून ठेवतात. म्हणून कॅम्बरने वेग वाढतो असं म्हणण्यापेक्षा, ज्या झुळकीत तुम्ही आज वारा सोडता तिच्यात तुम्ही पाय रोवून उभे राहू शकता, असं म्हणेन. २ सेकंदांपेक्षा १० सेकंदांच्या सरासरीत याचा फरक जास्त दिसेल.

माझा सल्ला: दोन्ही शिडं एकाच पायरीची घेऊ नका. ५.६ पूर्ण रेसिंगचं घ्या, ७.० दोन कॅम्बरचं. ५.६ तुम्ही दणदणीत वाऱ्यातच लावणार. तेव्हा जाइबमध्ये कॅम्बर फिरवायला पुरेसा जोर असतो आणि तुम्हाला हवं असतं ते नियंत्रण. ७.० चं उलट. मध्यम वाऱ्यात जाइबमधून बाहेर पडताना वारा कमी पडतो, रेसिंगच्या शिडाचे तीन-चार कॅम्बर मास्टवर अडकतात, मग बूमला (हातात धरायच्या आडव्या दांड्याला) हिसका द्यावा लागतो. त्या हिसक्यात अल्फा गेला. दोन कॅम्बर हलकेच फिरतात.

रेसिंगच्या शिडाची दुसरी अडचण म्हणजे मास्टभोवतीची रुंद खोळ. शीड पाण्यात पडून राहिलं की ती भरते आणि उचलताना कंबर मोडते. पण तुमच्याकडे तळाला पाय टेकतात, हे फार मोठं भाग्य. मास्टचं टोक धरून थोडं वर उचला, वारा खाली शिरू द्या आणि खोळीतलं पाणी गळेपर्यंत थांबा. घाई केली तर दुप्पट जोर लागतो.

मास्टवर मात्र तडजोड नको. शीड एका ठराविक वाकासाठी कापलेलं असतं. नीलप्राइडचे मास्ट टोकाला जास्त वाकणाऱ्या घराण्यातले, सेव्हर्नचे सगळीकडे सारखे वाकणारे. जोडी चुकली तर महागडं शीडही तुमच्या आजच्या शिडासारखंच वागेल. शक्यतो शीड आणि मास्ट एकाच कंपनीचे घ्या. ५.६ साठी ४०० चा, ७.० साठी शिडावर छापलंय त्याप्रमाणे ४३० किंवा ४६० चा. कार्बन ९० ते १०० टक्के.

खाडीकाठ

वायव्यवारा यांच्याशी मास्टबद्दल शंभर टक्के सहमत, जोडीबद्दल नाही. मी मेलबर्नचा.

स्लॅलमच्या सुरुवातीच्या रेषेवर सगळे जरा मोठंच शीड लावून उभे असतात. पहिल्या बोयापर्यंत जो दम धरून सुटतो तो पुढे. तिथे ७.० पूर्ण रेसिंगचं असेल तर वाऱ्याचा वरचा पट्टा कितीतरी वाढतो. शिवाय दोन वेगळ्या स्वभावाची शिडं असली की दरवेळी हार्नेसच्या (कमरेच्या पट्ट्याच्या) दोऱ्या आणि उभं राहण्याची ठेवण नव्याने जुळवावी लागते. झुळूक स्पर्धेत उतरणार असतील तर दोन्ही रेसिंगची घ्यावीत. नुसता जीपीएस खेळणार असतील तर वायव्यवारा म्हणतात ते पटतं.

आणि मूळ पोस्टमधलं थरथरणं वाचून एक विचारावंसं वाटतं. शीड खाली किती ताणता? वरच्या तीन बॅटनमधला मागचा काठ सैल, लुळा दिसायला हवा. नव्या माणसाला ते चुकीचं वाटतं. पण तोच सैल काठ झुळकीत उघडतो आणि जादा वारा सोडून देतो. आहे त्या शिडावर आधी दोन सेंटीमीटर जास्त ताण देऊन बघा. खर्च शून्य.

झुळूक

दोघांचे मनापासून आभार. खाडीकाठ, काल तुमच्या सांगण्याप्रमाणे ताण वाढवला. वरचा काठ पार लोंबायला लागला, पण झुळकीत मागच्या हातावरचा भार खरंच उतरला. वेगाचा आकडा तेवढाच राहिला, हात मात्र दुखले नाहीत. आता कॅम्बरची गरज जास्त नेमकी कळतेय.

मी अजून स्पर्धेत नाही, क्लबमधल्या मंगळवारच्या बोयाफेऱ्या तेवढ्या करतो. त्यामुळे ५.६ रेसिंगचं आणि ७.० दोन कॅम्बरचं, दोन्ही सेव्हर्नची, आणि मास्टही त्यांचेच. ५.६ एका सेकंडहँड जाहिरातीत दिसलंय. बघायला जाताना काय तपासू?

वायव्यवारा

मास्टसकट उभं करून दाखवायला सांगा, घडी घातलेलं बघून पैसे देऊ नका. पारदर्शक मोनोफिल्म उन्हात धरा. दुधाळ झाली असेल किंवा घडीच्या जागी बारीक चरे असतील तर ती ठिसूळ झालीय, एका पडण्यात फाटेल. बूमजवळची खोळीची शिवण बोटांनी चाचपा. प्रत्येक कॅम्बर हाताने या बाजूचा त्या बाजूला फिरवून बघा, झिजलेला असेल तर मास्टवरून निसटतो. कॅम्बर नवा मिळतो, मोनोफिल्म बदलणं महागात जातं.

आणि थोडे पैसे फिनसाठी ठेवा. ६६ च्या बोर्डला ५.६ बरोबर ३० ते ३२ सेंटीमीटरची पुरते. तुमच्या तलावासाठी मागे झुकलेली वीड फिन घ्या, नाहीतर नवं शीड लावूनही शेपटाला गवत ओढत फिराल.