मदत हवी आहे: आंबेहळदीच्या कुंडीत उगवलेलं हे पेवच (पांढऱ्या फुलांचं, कंद असलेलं रानझाड) का?

पावसाळ्यात आपोआप उगवलेलं झाड आता छातीएवढं झालंय. पानं सोनटक्क्यासारखी दोन ओळींत नाहीत, दांड्याभोवती गोल फिरत वर चढतात. शेंड्याला लालसर खवल्यांचं कणीस, त्यातून एकेक पांढरं फूल. चुरगळलेल्या कागदासारखी पाकळी, घशाशी पिवळी झाक. कंद मोडला तर हळदीचा वास अजिबात नाही.

इथवर सगळं पेवाचंच. अडलंय ते पानाच्या पाठीवर: रानातल्या पेवाला तिथे मऊ, रेशमी लव असते, इथे ती दिसत नाही. नर्सरीतली एखादी शोभेची जात असेल का? फोटोत पानाची पाठ आणि कणीस जवळून घेतलंय. नुसतं फूल बघून सांगू नका, प्लीज. आंबेहळद काढताना कंद मिसळायला नकोत.