११९ सेकंदांच्या विजयावरून मोझेस इटाउमाला किती मोठे मानायचे?

म्हापसेकर (धाग्याची सुरुवात)

१६ ऑगस्ट २०२५ रोजी, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असताना, रियाधमध्ये हेवीवेट मुष्टियुद्धात ब्रिटनच्या मोझेस इटाउमाने डिलियन व्हाइटला ११९ सेकंदांत गारद केले. पणजीत तेव्हा अष्टमीच्या फेरीचे, म्हणजे जत्रेतल्या बाजाराचे, दिवस होते. ती फिरून घरी आलो, चहाचे आधण ठेवले, मोबाइल उघडला आणि आधणाला उकळी येण्याआधीच लढत आटोपली. (अष्टमीची फेरी फिरायला मला तीन तास लागले होते, व्हाइटला रिंगणातली एक फेरीसुद्धा पुरी करता आली नाही.) त्या दिवसापासून इंग्लंडमध्ये स्विंडनला असलेला माझा मावसभाऊ आणि त्याचे इथले मित्र, त्या वेळी अवघ्या २० वर्षांच्या या मुलाला ‘दुसरा टायसन’ म्हणू लागले आहेत. हे कौतुक त्याने कमावलेले आहे की त्याला उसने मिळालेले आहे, हा माझा प्रश्न आहे.

माझे मत उसने मिळाल्याचे आहे, आणि त्याचे कारण खुद्द टायसनच्या कारकिर्दीत सापडते. २२ नोव्हेंबर १९८६ रोजी ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या फेरीत लोळवून टायसन वयाच्या विसाव्या वर्षी जगज्जेता झाला, एवढेच आपण लक्षात ठेवतो. पण त्याच वर्षी मे महिन्यात जेम्स टिलिस आणि मिच ग्रीन या दोघांनी त्याला पूर्ण दहा-दहा फेऱ्या झुंजवले होते, हे कुणी सांगत नाही. जगज्जेतेपदासाठी रिंगणात उतरण्याआधी त्याच्या नावावर २७ विजय होते आणि दमछाक झालेली असताना ठोसा कसा मारायचा हे त्याला ठाऊक झालेले होते. व्हाइटवरच्या विजयानंतर इटाउमाच्या खात्यात १३ विजय जमा झाले, त्यांतले ११ नॉकआउट. आणि सहाव्या फेरीपलीकडे तो तोवर कधीच गेलेला नव्हता. व्यावसायिक विजेतेपदाची लढत १२ फेऱ्यांची, म्हणजे प्रत्यक्ष झुंजीची ३६ मिनिटे असते. त्यातल्या उत्तरार्धात हा मुलगा कसा दिसेल, याचे उत्तर आज कुणाकडेही नाही.

फोंडेकर

म्हापसेकरबाब, आपला मुद्दा समजला, पण पटला नाही. आपण घड्याळ पाहिलेत, पाय पाहिले नाहीत.

इटाउमा डावखुरा आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्या मुष्टियोद्ध्यासमोर डावखुरा उभा राहिला की दोघांचे पुढचे पाय एकमेकांना अडतात, आणि ज्याचा पाय बाहेरच्या अंगाला राहतो त्याच्या मागच्या हाताला समोरच्याच्या हनुवटीपर्यंत सरळ वाट मिळते. ही जागा मिळवण्यासाठी बहुतेक जण धडपडतात, मध्येच तोल घालवतात. इटाउमा मात्र पाय आधी ठेवतो आणि हात नंतर सोडतो, तेही इतक्या सहजपणे की ठोसा चुकला तरी तो वाकडा होत नाही. व्हाइट खाली पडला, उठला, त्याच्या पायांत बळ नसल्याचे पाहून पंचांनी लढत थांबवली. त्याच्या आधीचे दीड मिनिट सावकाश लावून पुन्हा पाहा. घाईचा लवलेश नाही. बलदंड माणसाने केलेली मारहाण आणि जागा हेरून केलेले काम यांत फरक असतो, आणि तो कळण्यासाठी बारा फेऱ्यांची वाट पाहावी लागत नाही.

दुसरे म्हणजे, याच व्हाइटने डिसेंबर २०१५ मध्ये अँथनी जोशुआला दुसऱ्या फेरीत हादरवले होते. जोशुआ तेव्हा लंडन ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता होता, वयाने २६ वर्षांचा होता, तरी व्हाइटला संपवायला त्याला सातवी फेरी उजाडली. इटाउमाने तेच काम पहिल्या फेरीत केले. मापाची काठी तीच आहे ना?

म्हापसेकर

काठी तीच, पण दहा वर्षे उन्हापावसात पडून झिजलेली! जोशुआसमोरचा व्हाइट २७ वर्षांचा होता, इटाउमासमोरचा ३७ वर्षांचा. मधल्या काळात २०२० मध्ये रशियाच्या पोवेत्किनने पाचव्या फेरीत एका अपरकटने (खालून वर हनुवटीवर मारलेल्या ठोशाने) त्याला आडवे केले, तेही आदल्या फेरीत स्वतः दोनदा खाली पडल्यानंतर. पुढे २०२२ मध्ये टायसन फ्युरीने सहाव्या फेरीत तसाच अपरकट मारून त्याची रात्र संपवली. अशी हनुवटी पुन्हा पूर्वीसारखी होत नसते. इटाउमाचे आधीचे प्रतिस्पर्धी पाहा: डिसेंबर २०२४ मध्ये डेम्सी मॅककीन पहिल्या फेरीत पडला, मे २०२५ मध्ये माइक बालोगन दुसऱ्या फेरीत पडला. या विजयांचे मोल मी शून्य मानत नाही, पण यांपैकी एकानेही इटाउमाला काही विचारलेच नाही.

पायांबद्दल मात्र आपण सांगितलेत ते खरे आहे. मी ती लढत पुन्हा पाहिली आणि एवढ्यापुरता माझा सूर खाली आणतो.

मडगावकर

जॅरेड अँडरसनला विसरू नका. अमेरिकेचा पुढचा हेवीवेट जगज्जेता म्हणून तीन-चार वर्षे त्याचा उदोउदो चालला होता. १७ लढती, १७ विजय. ऑगस्ट २०२४ मध्ये मार्टिन बाकोलेने पाचव्या फेरीत त्याला थांबवले, आणि सगळा ढोलताशा त्या रात्रीपुरता तरी बंद पडला.

जुना खेळाडू, पर्वरी

दोन्ही बाजू वाचल्या. मी कॉलेजात असताना चार वर्षे हौशी बॉक्सिंग केले, त्यामुळे एक गोष्ट अंगावरच्या अनुभवातून सांगतो. आमची लढत तीनच फेऱ्यांची, नऊ मिनिटांची. पहिल्या फेरीत मी स्वतःला मोठा योद्धा समजत असे. तिसऱ्या फेरीत हात शिशासारखे जड होऊन गालाजवळून छातीपर्यंत उतरत. ते उतरले आहेत हेसुद्धा ठोसा बसल्यावरच कळे. तंत्र त्या वेळी विसरलेले नसते, ते वापरण्याइतका श्वास उरलेला नसतो. म्हणून फोंडेकरांनी वर्णिलेले ते सुंदर पाऊल आठव्या फेरीतही तसेच पडेल, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

आमच्या लहानपणी गावोगाव धिर्यो, म्हणजे बैलांच्या झुंजी, होत असत (१९९६ मध्ये न्यायालयाने त्या बंद केल्या, ते योग्यच झाले). पहिल्या धडकेवर आरडाओरडा पोरेटोरे करायची. जाणती माणसे मात्र शिंगे अडकून राहिल्यावर कुठल्या बैलाचे मागचे पाय सरकतात, ते पाहत उभी राहायची.

तेव्हा इटाउमाचा प्रतिस्पर्धी निवडायला मला कुणी सांगितले, तर मी जर्मनीच्या अगित काबायेलचे नाव घेईन. तो डोक्याच्या मागे लागत नाही, बरगड्यांखाली मारत राहतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने झांग झिलेईसारख्या अवाढव्य माणसाला पोटावरच्या ठोशांनी सहाव्या फेरीत बसवले. पोटावरचा मार हा सावकारी कर्जासारखा असतो. पहिल्या फेऱ्यांत जाणवत नाही, नंतर व्याजासकट वसूल होतो.

फोंडेकर

पर्वरीकरबाब, आपल्या अनुभवाचा मान राखूनच विचारतो, ही घाई कशासाठी? व्यावसायिक रिंगणात तो जानेवारी २०२३ मध्ये उतरला. त्याआधीच्या वर्षी तो हौशी गटात युवा जगज्जेता होता. अडीच वर्षांत तेरा लढती झाल्या आणि प्रतिस्पर्धी दोन-दोन मिनिटांत पडत गेले, यात त्याचा दोष काय? लढत लांबवण्यासाठी त्याने मुद्दाम हात आखडते घ्यावेत का?

आणि समजा, उद्या कुणी त्याला हरवले, तरी आजचे कौतुक खोटे ठरत नाही. ब्रिटनचाच हेवीवेट डॅनियल डुबॉइस पहिल्या १५ लढतींत अजिंक्य होता. नोव्हेंबर २०२० मध्ये जो जॉइसविरुद्ध दहाव्या फेरीत, डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडलेल्या अवस्थेत त्याने गुडघा टेकला, तेव्हा त्याला पळपुटा ठरवणारे कमी नव्हते. त्याच डुबॉइसने सप्टेंबर २०२४ मध्ये वेम्ब्लीवर जोशुआला पाचव्या फेरीत संपवून विजेतेपदाचा पट्टा राखला.

म्हापसेकर

डुबॉइसचे उदाहरण आपण दिलेत, पण ते माझ्याच बाजूचे आहे. त्याच्याविषयी आपण आज ठामपणे बोलू शकतो, कारण त्याला मार खाताना, गुडघा टेकताना आणि परत येताना आपण पाहिले. जुलै २०२५ मध्ये युक्रेनच्या उसिकने त्याला पाचव्या फेरीत हरवले, तेही पाहिले. इटाउमाचा आपण फक्त हल्ला पाहिला आहे. त्याला दोष द्यावा असे मी कुठेही म्हटलेले नाही. ‘दुसरा टायसन’ या दोन शब्दांना माझी हरकत आहे, आणि मावसभावालाही मी तेच कळवले आहे. त्याचे उत्तर आले, ते असे की टिलिस आणि ग्रीनची नावे त्याने प्रथमच ऐकली.